सत्तेचाळीस पायऱ्या

वालपाराइसोत माझं घर टेकडीच्या कडेला,
वर जायला लोखंडी जिना, जाळीच्या पायऱ्यांचा.
सत्तेचाळीस. मोजल्यात मी, पिऊनही आणि न पिताही.
पायाखाली बघितलं की दिसतात
दोन्या हेनोवेवाच्या कोंबड्या, बशीएवढं अंगण,
त्याच्याही खाली बंदर.
मला काय त्याचं?
एकतीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये काढली मी,
ढगाला कोपर टेकवून जेवणारा माणूस.

मासळीबाजारात भेटली ती.
एक कान फाटका, रंग ओल्या पोत्याचा.
चिरोला म्हणू लागलो तिला, म्हणजे चिल्लर;
मागोमाग आली, जिन्यापर्यंत.

जिन्याशी थांबली.
भुंकली नाही, पळाली नाही,
पोट जमिनीला चिकटवून, नखं पसरून
एकामागून एक जांभया देत राहिली.
मला वाटलं, दमली बिचारी.
दोरी ओढली तर गळपट्टाच
कानांवरून निसटून हातात आला.
मग उचलून घेतलं.
सतराव्या पायरीवर शर्टावर मुतली माझ्या,
आणि तिचं काळीज माझ्या बरगड्यांवर असं आपटत होतं
की धडधड कुणाची, कळेना.

"इतकं मोठं धूड आणि जिन्याला भितं?"
हेनोवेवा हसली. मीही हसलो.

रात्री झोप लागली नाही.
एकोणीस वर्षांचा होतो, क्रेनवर पहिलाच दिवस.
शिडीच्या मध्यावर पोटात गोळा आला
आणि बोटं लोखंडाला जी चिकटली ती सुटेनात.
खालून सगळे ओरडत होते, चढ, चढ रे!
एकटा म्हातारा बेलिसारियो वर आला,
माझ्या खालच्या दांडीवर थांबला,
खिशातून पाव काढून खात राहिला.
एक शब्द नाही.
पाव संपल्यावर म्हणाला, "उतरू या. उद्या पुन्हा."
हे कुणाला सांगितलं नव्हतं मी.
बायकोलाही नाही, ती वारली तरी.

सकाळी दारोदार जाऊन
जुनी पायपुसणी मागून आणली.
हेनोवेवानं नवऱ्याच्या खोलीतला गालिचाच कापून दिला,
म्हणाली, तो काय आता परत येतोय!
तुकडे तारेनं बांधले पायऱ्यांवर,
कोंबड्या झाकल्या, बंदर झाकलं.
पहिल्या पायरीवर चीज ठेवून
दुसरीवर बसलो, तिच्याकडे पाठ करून.
कारण टक लावून बघणं हेही ओढणंच असतं.

तिनं मान ताणून चीज नेलं,
मागचे पाय भक्कम जमिनीवर ठेवून.
तिसऱ्या दिवशी एक पंजा.
पाचव्या दिवशी पाऊस, काहीच नाही.
नवव्या दिवशी चौथ्या पायरीवर होती
आणि खालून ट्रकनं भोंगा वाजवला.
पुन्हा पोट जमिनीला.
पुन्हा जांभया.
उतरू या, म्हणालो. उद्या पुन्हा.

हिवाळा सरला तेव्हा अकरावी पायरी झाली.
तिथे जिना वळतो, पाट टाकण्याएवढी जागा आहे.
त्यापुढे ती येत नाही.
जनावरांचा डॉक्टर म्हणतो,
येईल कदाचित. कदाचित नाही येणार.
बरं, म्हटलं.
खुर्ची खाली आणली, मग किटली,
मग जिन्याखालची कोळशाची कोठी साफ करून
तिच्यात खाट टाकली.
वर छत्तीस पायऱ्यांवर माझं घर अंधारात उभं असतं,
हेनोवेवाला वाटतं मला वेड लागलंय.
रोज संध्याकाळी वळणावर येऊन
ती हे सांगते, चहा पिते, तासभर बसते.

काल तिच्या पायाशी चिरोलानं जांभई दिली.
मी दचकलो. भोंगा नव्हता, वारा नव्हता.
मग तिनं डोळे मिटले,
फाटका कान पायरीबाहेर लोंबू दिला
आणि घोरू लागली.